जिरोंद खाडीकाठच्या द्राक्षमळ्यांतून वाहनांच्या त्रासाविना सायकल चालवता येते का?

प्रश्न: संथचाके

सप्रेम नमस्कार. आमची मुलगी नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये तुलूज येथे असते. येत्या सप्टेंबरमध्ये मी आणि सौभाग्यवती तिच्याकडे महिनाभर राहणार आहोत. त्यातले पाच दिवस बोर्दो परिसरात दोघांनी सायकल चालवावी, असा बेत आहे. माझे वय ६१ आणि हिचे ५७. पुण्याहून पंढरपूर, तसेच दापोलीपासून गुहागरपर्यंतचा किनारा एवढा अनुभव आम्हांला आहे, त्यामुळे दिवसाला ४० ते ५० किमी अंतर जड जाणार नाही. मात्र दोन वर्षांपूर्वी महामार्गावर एका ट्रकचा आरसा हिच्या कोपराला घासून गेला. दुखापत किरकोळ होती, पण तेव्हापासून मागून वाहनाचा आवाज आला की हिचे हात आखडतात. म्हणून माझा प्रश्न नुसता ‘रस्ता सुंदर आहे का’ असा नसून ‘रस्ता रिकामा आहे का’ असा आहे.

वाचून एवढे कळले की गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या बोर्दोच्या उत्तरेस एकत्र येतात, तेथून समुद्रापर्यंत सुमारे ७५ किमी लांबीची जिरोंद खाडी आहे, आणि तिच्या डाव्या काठावर मेदोकचे जगप्रसिद्ध द्राक्षमळे आहेत. नकाशावर त्या मळ्यांमधून डी २ नावाचा रस्ता जातो. तो सायकलींसाठी राखीव आहे, की मोटारीही त्याच रस्त्याने जातात? २८ मिमी टायरची रोडबाईक भाड्याने घेतली तर पुरेल का? खाडी ओलांडायची सोय आहे का? आणि एक प्रश्न थोडा संकोचाने विचारतो. ही मद्य घेत नाही आणि मीही नावापुरतेच घेतो, तर आमच्यासारख्यांनी त्या भागात जाण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर १: गारोनकाठी

संथचाके साहेब, मी गेली अकरा वर्षे बोर्दोमध्ये राहतो आणि रविवारी सकाळी शक्यतो सायकलवर असतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देतो, कारण येथे येणारे बहुतेक पर्यटक ज्या रस्त्याचे नाव ऐकून येतात, तो आपल्यासाठी योग्य नाही; आणि जो योग्य आहे, त्याचे नाव त्यांनी ऐकलेले नसते.

डी २ हा साधा सार्वजनिक रस्ता आहे. मार्गो, सँ-ज्युलियाँ, पोयाक, सँतेस्तेफ ही सगळी नामांकित गावे त्याने जोडलेली असल्यामुळे त्यावर पर्यटकांच्या मोटारी, मळ्यांचे ट्रॅक्टर, पिंपे आणि बाटल्या वाहणारे ट्रक असे सर्व काही चालते. बऱ्याच ठिकाणी पांढऱ्या पट्टीच्या बाहेर वीतभरही डांबर नसते. येथील चालक सायकलस्वाराला पुरेसे अंतर ठेवून ओलांडतात हे खरे; गावाबाहेर दीड मीटर अंतर ठेवण्याचा कायदाच आहे. पण मागून येणाऱ्या आवाजाचीच ज्यांना धास्ती आहे, त्यांना दीड मीटरचा दिलासा कितीसा पुरणार? डी १२१५ या रस्त्याकडे तर फिरकूही नका, कारण बोर्दोहून लेस्पारमार्गे समुद्राकडे जाणारी सगळी जड वाहतूक त्यावरून होते.

मोटारींना पूर्ण बंदी असलेले मार्ग आहेत, पण ते मेदोकच्या या द्राक्षमळ्यांत नाहीत. एक आहे खाडीच्या उजव्या काठावर, ब्लाय ते एतोलिए. जुन्या लोहमार्गाच्या जागेवर केलेला हा तेरा-चौदा किमीचा डांबरी मार्ग ब्लायच्या द्राक्षमळ्यांतून जातो. दुसरा आहे बोर्दोच्या आग्नेयेस, गारोन आणि दोर्दोन्य यांच्या मधल्या पट्ट्यात. या पट्ट्याचे नाव ‘आँत्र-द-मेर’, म्हणजे दोन समुद्रांच्या मधला. समुद्र तेथून दूर असला, तरी दोन्ही नद्यांमध्ये भरती-ओहोटी आतपर्यंत चढते, त्यावरून हे नाव पडले. लात्रेनपासून क्रेओंमार्गे सोवतेर-द-ग्वियेनपर्यंत जाणारा हा मार्गही जुन्या लोहमार्गावरच आहे, आणि बोर्दो शहरापासून मोजल्यास ५७ किमी भरतो. आगगाडीला झेपेल एवढाच चढ असल्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. वाटेत एक बोगदा लागतो, आणि क्रेओंच्या जुन्या स्थानकात आता सायकलस्वारांसाठी विसाव्याची व दुरुस्तीची सोय आहे. मार्गाला रोजे लापेबी यांचे नाव दिलेले आहे. हे याच प्रदेशातले सायकलपटू. १९३७ ची तूर द फ्रान्स त्यांनी जिंकली, आणि गिअर बदलणारा डिरेलर वापरून ती जिंकणारे ते पहिलेच. आपण ज्या सहजतेने अंगठ्याने गिअर टाकतो, ती सोय त्या वर्षापर्यंत या शर्यतीत सर्वांना मिळत नव्हती.

बोर्दो शहरातून या मार्गापर्यंत पोहोचणेही सोपे आहे. गारोनवरचा जुना दगडी पूल २०१७ पासून खासगी मोटारींना बंद असून त्यावर आता ट्राम, बस, सायकली आणि पादचारी एवढेच असतात. तो ओलांडून उजव्या काठाने दक्षिणेकडे वळले की नदीच्या कडेनेच लात्रेन येते. एक दोष मात्र सांगून ठेवतो. काही टप्प्यांत झाडांच्या मुळांनी डांबर वर उचलले आहे. सावलीत ते उंचवटे दिसत नाहीत आणि २८ मिमी टायरवर ते मनगटाला जाणवतात. मिळाल्यास ३२ मिमीचे टायर घ्यावेत.

आता आपण म्हणाल की यात खाडी कुठे आहे? आँत्र-द-मेरमध्ये ती नाही, हे कबूल. म्हणून मेदोक पूर्णपणे गाळू नये, पण बोर्दोहून सायकलने तेथे जाऊ नये. बोर्दोच्या सँ-जाँ स्थानकातून पोयाकची टीईआर, म्हणजे प्रादेशिक रेल्वेची, गाडी मिळते आणि जागा असेपर्यंत तीत सायकल नेता येते. त्यामुळे उपनगरांतली सगळी कटकट टळते. पोयाकच्या धक्क्यावरून खाडीला लागून उत्तरेकडे एक छोटा रस्ता सँतेस्तेफच्या बंदराकडे जातो. उजव्या हाताला गढूळ, दुधाळ चहाच्या रंगाचे विस्तीर्ण पाणी, डाव्या हाताला वेली, आणि काठावर लाकडी खांबांवर उभ्या असलेल्या कोळ्यांच्या खोपट्या, प्रत्येकीपुढे कप्पीवर टांगलेले चौकोनी जाळे. कोचीची चिनी जाळी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्यांचे हे धाकटे भावंड लगेच ओळखू येईल. या रस्त्याला मोटारींची बंदी नाही, पण मधल्या वारी सकाळी दहाच्या आत गेल्यास तुरळक वाहनेच भेटतात.

मद्याविषयी संकोच बाळगू नये. माझी पत्नीही घेत नाही आणि तरी तिला हा प्रदेश माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. शिवाय रक्तातील मद्याची ०.५ ग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा येथे सायकलस्वारालाही लागू आहे, त्यामुळे तळघरातून निघून थेट सायकलवर बसणारा पर्यटक कायद्यालाही मान्य नाही.

उत्तर २: पायडल_सातारा

वरील उत्तरातील डी २ विषयीची भीती मला थोडी अतिरेकी वाटते. मी तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये, रविवारी, मार्गोपासून पोयाकपर्यंत याच रस्त्याने गेलो आणि संपूर्ण प्रवासात मला ओलांडून गेलेली वाहने बोटांवर मोजण्याइतकी होती. पुणे-सातारा रस्त्यावर सराव केलेल्या माणसाला डी २ म्हणजे शेताचा बांध वाटेल.

संथचाके, मी आपल्या जागी असतो तर रविवार धरून डी २ वरच गेलो असतो. शिवाय बेशव्हेलचा वाडा आणि त्यासमोरचे वळण चुकवण्यात काय हशील? तेथे दंतकथा अशी सांगतात की खाडीतून जाणारी जहाजे या वाड्याच्या मालकाला, जो सागरी सेनापती होता, मान देण्यासाठी शीड खाली घेत असत, आणि ‘शीड उतरवा’ या शब्दांवरून वाड्याचे नाव पडले. वाड्याच्या चिन्हातही शीड उतरवलेले जहाज आहे.

उत्तर ३: गारोनकाठी

पायडल_सातारा, आपला अनुभव खरा आहे, पण तो एप्रिलमधल्या रविवारचा आहे. संथचाके येणार आहेत सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन काढणीच्या तोंडावर. त्या दिवसांत शनिवार-रविवार पाहून द्राक्षे पिकत नाहीत. ‘आँजाँबर’ नावाचे उंच ट्रॅक्टर, जे वेलींची ओळ दोन्ही चाकांच्या मधोमध घेऊन तिच्यावरून चालतात, ते एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात जाताना रस्ताच वापरतात. रस्त्यावर सांडलेला चिखल आणि चिरडलेले घड यांवरून चाक सहज घसरते. माझे स्वतःचे चाक एकदा असेच घसरले आहे आणि त्यात दोष कोणाचाच नव्हता. मीच वळणावर वेग आवरला नाही.

आणखी एक गोष्ट. पोयाकमध्ये १९८५ पासून दर सप्टेंबरमध्ये मेदोक मॅरेथॉन होते. धावपटू चित्रविचित्र वेश करून धावतात आणि वाटेत पाण्याबरोबर वाइनचेही पेले असतात. त्या शनिवारी मळ्यांमधले रस्ते मोटारींना बंद असतात हे ऐकून सायकलस्वारांना मोह होतो, पण ते धावणाऱ्यांसाठी बंद केलेले असतात. शिवाय त्या आठवड्यात आसपास राहायला खोली मिळणे कठीण. तारखा ठरवण्याआधी एवढे पाहून घ्यावे.

बेशव्हेलविषयी मात्र मान्य. सँ-ज्युलियाँहून दक्षिणेकडे लामार्कच्या धक्क्यापर्यंत जायचे असेल तर त्या भागात काही अंतर डी २ वरून जावेच लागते. डांबरी आणि सरळ असा दुसरा रस्ता मला तरी सापडलेला नाही. ते अंतर दुपारी साडेबारा ते दोनच्या दरम्यान कापावे. त्या वेळी सगळा फ्रान्स जेवायला बसलेला असतो आणि रस्ते आपोआप ओस पडतात. हे मी गमतीने सांगत नाही. येथे वाहनमुक्त रस्ता शोधायचा तर नकाशाइतकेच घड्याळही पाहावे लागते.

उत्तर ४: निफाडचा बागायतदार

मी सायकलवाला नाही, द्राक्षवाला आहे. २०१८ साली शेतकऱ्यांच्या गटाबरोबर त्या भागात गेलो होतो, तेव्हा बसमधून जे पाहिले ते लिहितो. साहेबांनी शेवटी विचारलेल्या प्रश्नाला, मद्य न घेणाऱ्याने तेथे का जावे याला, माझ्याकडे उत्तर आहे.

आपल्याकडे वेल मांडवावर किंवा वाय आकाराच्या तारांवर चढवलेली असते. बागेत शिरले की डोक्यावर छप्पर, आणि बाहेरून पाहिले तर हिरवी भिंत. मेदोकमध्ये वेल माणसाच्या कमरेइतकीही नसते. दोन ओळींत एक मीटर, दोन वेलींत एक मीटर, म्हणजे हेक्टरी दहा हजार वेली. त्यामुळे बसमधूनसुद्धा मळ्यांवरून नजर थेट खाडीपर्यंत जात होती. तेथील माणसे सांगतात की चांगल्या वेलीला नदी दिसली पाहिजे. हे काव्य नव्हे. खाडीतले पाणी थंडीत ऊब धरते, वसंतातले दंव कोवळ्या फुटव्याला जाळत नाही, आणि काठालगतच्या गोट्यांच्या उंचवट्यांतून पावसाचे पाणी झटकन निचरते. गारोनने लाखो वर्षांपूर्वी आणून टाकलेले ते गोटे आहेत. आमच्या काळ्या जमिनीत निचऱ्यासाठी आम्ही चर खणत बसतो आणि यांना तो नदीने आयता करून दिला, याचा मला थोडा हेवाच वाटला.

दुसरे म्हणजे, ज्या सँ-ज्युलियाँच्या रस्त्यावरून वाद चालला आहे, त्या रस्त्याचे आम्हा बागायतदारांवर उपकार आहेत. केवडा रोग, ज्याला आम्ही डाऊनी म्हणतो, तो अमेरिकेतून युरोपात गेला आणि १८७० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सच्या बागा त्याने होरपळून काढल्या. १८८२ च्या शरद ऋतूत बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे सँ-ज्युलियाँच्या मळ्यांतून जात असताना त्यांना दिसले की आत सगळी पाने गळालेली आहेत, पण अगदी रस्त्याकडेच्या ओळी हिरव्यागार आहेत. चौकशी केली तेव्हा कळले की येणारे-जाणारे घड तोडून खातात म्हणून मळेवाले कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना यांचे निळे पाणी शिंपडतात, म्हणजे विषारी दिसून चोर हात लावणार नाही. यावर तीन वर्षे प्रयोग करून १८८५ मध्ये त्यांनी ते जाहीर केले. तेच आपले बोर्दो मिश्रण. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. निफाड, दिंडोरी, तासगाव येथे हे प्रमाण पोराटोरांना पाठ असते, पण बोर्दो हे गावाचे नाव आहे हे कित्येकांना ठाऊक नसते. त्या रस्त्यावरून सायकलने जाणारे आपण कडेच्या ओळीपाशी क्षणभर थांबावे, एवढी विनंती.

फवारणीविषयी मात्र सावध राहावे. मे-जूनमध्ये तेथे पाऊस झाला की पाठोपाठ फवारणी होते, आणि सायकलवर माणूस दमाने श्वास घेत असतो. फवारा चालू दिसला तर वाऱ्याची दिशा पाहून अलीकडेच थांबावे. आपण सप्टेंबरमध्ये जात आहात हे त्या दृष्टीने उत्तम, कारण काढणी जवळ आली की फवारणी थांबलेली असते.

उत्तर ५: सुमती_दोनचाकी

नमस्कार. आम्ही दोघे, वय ६३ आणि ६०, दोन वर्षांपूर्वी खाडीच्या उजव्या काठाने गेलो होतो. म्हणून हे उत्तर विशेषतः वहिनींसाठी लिहिते.

लामार्क ते ब्लाय ही फेरी बारमाही चालते आणि तीत मोटारींबरोबर सायकलीही घेतात. आपल्या दाभोळ-धोपावे जेट्टीचीच आठवण येते, फक्त खाडी खूपच रुंद. पार होण्यास पंचवीस मिनिटांच्या आसपास लागतात. मोटारी आधी चढतात आणि आपण कडेला उभे राहतो, तेव्हा तेवढा वेळ इंजिनांचा आवाज सोसावा लागतो हे आधीच सांगून ठेवावे. फेऱ्या मोजक्या असतात. आम्ही वेळापत्रकात सुट्टीच्या दिवसांचा रकाना समजून घेण्यात चुकलो आणि लामार्कच्या धक्क्यावर जवळजवळ तीन तास बसून राहिलो. बसायला बाक आहे, पण आम्ही गेलो त्या दिवशी आसपास खायला काहीही उघडे नव्हते. शेवटी डब्यातल्या दशम्या कामी आल्या. त्या दिवशी हाताशी वेळ आहे असे आधी ठाऊक असते तर आम्ही जवळच्या कुसाक येथील मेदोक किल्ल्यावर गेलो असतो.

त्या किल्ल्याविषयी थोडे सांगते, कारण कोकणातले जलदुर्ग पाहिलेल्यांना तो विशेष आवडेल. चौदाव्या लुईचा दुर्गरचनाकार व्होबाँ याच्यापुढे अडचण अशी होती की ब्लायपाशी खाडी सुमारे तीन किमी रुंद, आणि त्या काळच्या तोफेचा गोळा एवढा लांब जात नसे. म्हणून त्याने उजव्या काठावर ब्लायचा बालेकिल्ला, समोरच्या काठावर मेदोक किल्ला आणि मध्ये बेटावर पाते नावाचा बुरूज अशी तीन ठिकाणे एका माळेत गुंफली. ब्लायचे काम १६८५ ते १६८९ या काळात झाले, आणि २००८ पासून ही तिन्ही ठिकाणे जागतिक वारशात आहेत. फेरीतून जाताना मधले बेट आणि दोन्ही काठ एका नजरेत येतात, तेव्हा ती रचना नकाशाशिवाय समजते. ब्लायचा किल्ला इतका मोठा आहे की तटाच्या आत घरे, दुकाने आणि चक्क द्राक्षांचा छोटा मळाही आहे.

एतोलिएचा मार्ग आम्हांला फार सुखाचा वाटला. पहिल्या पाच मिनिटांत माझ्या लक्षात आले की मी आरशाकडे पाहणेच सोडून दिले आहे. मात्र वहिनींना हे आधी सांगावे की मार्ग वाहनमुक्त असला तरी तो अधूनमधून गावांकडचे रस्ते ओलांडतो, आणि तेथे थांबण्याची जबाबदारी आपल्यावर असते. वाहने उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे आपली मान सवयीने चुकीच्या बाजूला आधी वळते. मी पहिल्या दिवशी दोनदा चुकले.

ब्लायहून दक्षिणेकडे बूरपर्यंतचा कड्याखालचा रस्ता मला सगळ्यांत आवडला. एका हाताला चुनखडीचा कडा, त्यात अर्धी कोरलेली अर्धी बांधलेली कोळ्यांची घरे, आणि दुसऱ्या हाताला चार फुटांवर पाणी. रस्ता अरुंद आहे म्हणूनच मोटारवाले सहसा तो टाळतात. बूरपाशी येईपर्यंत समोर दोन नद्यांचा संगम असतो, आणि खाडी कुठे संपली व दोर्दोन्य कुठे सुरू झाली हे कळतच नाही.

सोमवार टाळावा. पाव, चीज, फळे यांची दुकाने लहान गावांत सोमवारी हमखास बंद असतात. पाण्यासाठी गावाची स्मशानभूमी शोधावी. फुलझाडांना पाणी घालण्यासाठी तेथे नळ असतो आणि फ्रेंच सायकलस्वारही बाटल्या तेथेच भरतात. मला प्रथम ते कसेसेच वाटले, पण तहानेपुढे काही चालत नाही.

प्रश्नकर्ता: संथचाके

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. सर्व उत्तरे हिला मोठ्याने वाचून दाखवली. सुमतीताईंचे आरशाबद्दलचे वाक्य ऐकल्यावर तिने स्वतः नकाशा मागून घेतला, ही दोन वर्षांतली पहिलीच वेळ.

सर्व विचारात घेऊन असा बेत आखला आहे. पहिल्या दिवशी बोर्दोहून लापेबी मार्गाने क्रेओंपर्यंत जाऊन परत, आणि अंगात बळ असले तर पुढे ला सोवच्या मठापर्यंत. दुसऱ्या दिवशी गाडीने पोयाक, खाडीकाठाने सँतेस्तेफपर्यंत जाऊन परत, आणि भोजनाच्या शांत वेळेत लामार्ककडे उतरून फेरीने ब्लाय. तिसरा दिवस एतोलिएच्या मार्गाला आणि किल्ल्याला. चौथ्या दिवशी कड्याखालून बूर, आणि तेथून सायकलनेच बोर्दो. पाचवा दिवस राखीव. पायडल_सातारा यांचा मान राखून बेशव्हेलच्या वाड्यासमोर थांबेन, आणि बागायतदार साहेबांसाठी कडेच्या ओळीचे छायाचित्र घेईन. यात काही चुकत असल्यास कृपया सांगावे.

उत्तर ६: गारोनकाठी

बेत चांगला आहे. एकच गोष्ट बदलावी. चौथ्या दिवशी बूरहून बोर्दोपर्यंत सायकलने येऊ नये. सायकलींसाठी आखलेला ‘दोन समुद्रांचा कालवा’ हा रुआयाँ ते सेत असा सुमारे ७५० किमीचा मार्ग त्याच बाजूने जातो हे खरे, आणि पुढे तो आपल्या मुलीच्या तुलूजमधूनही जातो. पण शहर जवळ येऊ लागले की रहदारी वाढते. हिंमत धरून नकाशा मागून घेतलेल्या वहिनींना शेवटच्या तासात पुन्हा ट्रक दाखवू नयेत. बूरहून आतल्या रस्त्यांनी सँताँद्रे-द-क्युब्झाक गाठावे आणि तेथून टीईआर गाडीने बोर्दोला यावे.

दुसऱ्या दिवसाचा क्रम आपण योगायोगाने अचूक लावला आहे. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि तो वायव्येचा असतो. सकाळी वारा पडलेला असताना उत्तरेकडे जाऊन दुपारी दक्षिणेकडे वळल्यास तोच वारा पाठीशी येतो. उलट केल्यास त्या उघड्या मळ्यांत आडोशाला एक झाडही नाही.

आणि सँतेस्तेफला गेलाच आहात तर बंदराकडून वर चढून कोस देस्तुर्नेलचा वाडा बाहेरून तरी पाहावा. चढ छोटा आहे. त्या माळावर अचानक पॅगोडासारखे मनोरे दिसतात, आणि माणूस बुचकळ्यात पडतो. एकोणिसाव्या शतकात लुई गास्पार देस्तुर्नेल नावाच्या मळेवाल्याने आपली वाइन जहाजाने हिंदुस्थानात विकायला पाठवली आणि त्या व्यापाराच्या नादात मळ्याची इमारतच पौर्वात्य थाटाची बांधली. लोक त्याला ‘सँतेस्तेफचा महाराजा’ म्हणत. तेथून उतारावर नजर टाकली तर ओढ्यापलीकडे पोयाकची हद्द आणि लाफितचे मळे दिसतात. उतरताना ब्रेक जपून लावावेत, खाली वळणावर खडी असते.

प्रश्नकर्ता: संथचाके

चौथ्या दिवसाचा बदल केला. फेरीच्या वेळापत्रकातला सुट्टीचा रकाना मुलीकडून वाचून घेतो आहे. सुमतीताई, दशम्या किती दिवस टिकल्या, तेवढे सांगाल का?

उत्तर ७: सुमती_दोनचाकी

दुधातल्या असल्यामुळे तिसऱ्या दिवसापर्यंत उत्तम राहिल्या. चौथ्या दिवशी कडक झाल्या, पण बूरच्या बाजारात मिळालेल्या लोण्याबरोबर त्याही संपल्या.